उन्हावरचा चहा

३ फेब्रुवारी, कारंजा (घाडगे)

आज लेकीच्या घरी मुक्कामाला आलो. सोबत बायको आनंदा, तिचा नवा गुडघा, कपड्यांच्या दोन पिशव्या आणि माझी पाण्याची कॅन.

नागपूरच्या डॉक्टरांनी गुडघा बदलला आणि महिनाभर पायऱ्या चढायच्या नाहीत असं बजावलं. समुद्रपूरच्या आमच्या घराला पायऱ्यांशिवाय काही नाही. शिवाय मला स्वयंपाक येत नाही हेही डॉक्टरांना कोणीतरी सांगून ठेवलं होतं. वर्षालीनं तिथल्या तिथं ठरवलं की आई तिच्याकडे राहील. आईसोबत बाबा आलेच.

आता नेमाबद्दल. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं पाणी प्यायचं नाही, हा आमच्या घराण्याचा नेम. वडील माझ्या बहिणीच्या सासरी जाताना घरून तांब्या भरून नेत. मी पंचायत समितीत हेडक्लार्क होतो. नियमाला पळवाट शोधणारे पुष्कळ पाहिले आणि त्यांच्या फायली तशाच परत पाठवल्या. स्वतःची फाईल कशी पुढं सरकवणार?

वर्षालीच्या लग्नाला सात वर्षं झाली. आजवर सकाळी यायचो, संध्याकाळच्या बसनं परत. एका बाटलीत भागायचं. महिनाभराचा प्रश्न पहिल्यांदाच उभा राहिला आहे. जेवणाबद्दल वडील काही बोलले नव्हते, म्हणून जेवण चालतं. ताटावर बसल्याबरोबर आनंदानं विचारलं, "वरणात पाणी नाई का?" मी समजावलं की शिजल्यावर पाण्याचं वरण होतं, त्याचा दर्जा बदलतो. चहा मात्र शेवटपर्यंत पाणीच राहतो. विहीणबाई, म्हणजे जावई भूपेंद्ररावांची आई प्रमिलाबाई, कढी वाढता वाढता म्हणाल्या, "इवाई, कढी आज जराशी पातळ झाली. पाणी समजून उठून जाऊ नोका." विनोदी बाई आहेत.

आनंदानं तर आल्या आल्या लेकीच्या हातचा चहा घेतला. गोळी घ्यायची होती म्हणे. गोळीला नेम लागू नाही, हा निर्णय तिचा तिनंच घेतला.

माझी कॅन कोपऱ्यात सरकवताना वर्षाली म्हणाली, "बाबा, अजून किती वर्षं हे पाणी वाहून आणसान तुमी?" आवाज जड होता. कॅन जडच आहे. पोरीला माझ्या खांद्याची काळजी वाटते, बरं वाटलं.

५ फेब्रुवारी

पाण्याची सोय झाली. बसस्टँडच्या नळावरून कॅन भरून आणतो. नळ सरकारी, लेकीच्या घरचा संबंध नाही.

प्रश्न चहाचा आहे. मला उठल्यावर, पेपरसोबत, जेवणानंतर, दुपारी आणि दिवेलागणीला लागतो. हायवेच्या पलीकडे कवडूचा ढाबा आहे, तिथं गेलो. चहात साखर एवढी की ओठ चिकटले. कवडूला सांगितलं तर म्हणाला, "ट्रकवाल्याले झोप नाई लागली पायजे ना काका." मी ट्रक चालवत नाही असं मी म्हणालो. त्यावर त्यानं पैसे ट्रकवाल्याइतकेच घेतले. परत येताना दुभाजकावर अडकून पडलो. दोन्हीकडून ट्रक, मध्ये मी, हातात पेपर. शेवटी भूपेंद्रराव दुकान सोडून मोटरसायकल घेऊन आले. पेट्रोल त्यांचं होतं, पण पेट्रोल म्हणजे पाणी नव्हे, म्हणून बसलो.

असं रोज चालणार नाही. आपलं पाणी आपणच उकळायचं, आणि ते अगदी स्वस्तात. सेवानिवृत्त माणसाला एवढं जमलं पाहिजे.

७ फेब्रुवारी

वर्षालीच्या घरी विजेची किटली आहे. पाणी माझं, पत्ती माझी. पण वीज? वडिलांचं म्हणणं स्पष्ट होतं, चूल ज्याची पाणी त्याचं. वीज म्हणजे आजची चूल. मी भूपेंद्ररावांना म्हणालो, मीटर बघून विजेचे पैसे घ्या. ते हसायला लागले. "बाबा, मीटर माह्या नावावर नाईच, आईच्या नावावर हाय."

प्रमिलाबाई आतून ओरडल्या, "मंग माह्यासंगं हिशोब करा! मी तं तुमची लेक नाई!"

क्षणभर मला मुद्दा पटला. मग पटला नाही. घर एकच आहे. फाईल परत.

९ फेब्रुवारी

चुलीचा प्रयोग. गच्चीवर तीन विटा मांडल्या. जळण म्हणून पऱ्हाटी, कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहते ती काडी. भूपेंद्ररावांच्या शेतात ढीग पडला आहे, पण तो जावयाचा. म्हणून रस्त्याच्या कडेची, कोणाच्याही बापाची नसलेली पऱ्हाटी गोळा केली. कवडूनं ढाब्यावरून हाक मारली, "काका, होळी जवळ आली का?"

पाणी छान उकळलं. धूरही छान झाला आणि तारेवर वाळत घातलेल्या विहीणबाईंच्या सगळ्या लुगड्यांतून फिरून गेला. "इवाई, लुगड्यायले धुरी देऊन राह्यले का?" म्हणत त्या वर आल्या. मी दिलगिरी व्यक्त केली. त्यांनी चहाचं भांडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "अन् हे दूध कोठचं?"

दूध मी गवळ्याकडून वेगळं घेतो, स्वतःच्या पैशानं.

"तो गवळी सकाळी आमच्याच बोअरवर दुधाचा गंज धुते," त्या म्हणाल्या. "धुते का भरते, मले नाई माहीत बाप्पा."

१० फेब्रुवारी

सकाळी गवळ्याला विचारलं की दुधात पाणी टाकतोस का आणि टाकत असशील तर कोठलं. मला फक्त स्रोत हवा होता. तो एवढा चिडला की आता या गल्लीत कोणालाच दूध घालत नाही. वर्षाली शेजारणींची समजूत काढून आली. मी आजपासून कोरा चहा घेतो.

१२ फेब्रुवारी

काल दुपारी गच्चीवर बसलो असताना पत्र्याला हात लागून चटका बसला आणि डोक्यात प्रकाश पडला. ऊन! ऊन कोणाचं आहे? ना जावयाचं, ना विहिणीचं. शिवाय फुकट. यापेक्षा स्वस्त पाणी उकळणं जगात नाही.

ढाब्यावरून पुठ्ठ्याचं मोठं खोकं आणलं. आतून काळा रंग दिला, झाकणाला पोळ्या गुंडाळायचा चकचकीत कागद चिकटवला, वर काच ठेवली. काच माझ्या स्वतःच्या निरोपसमारंभाच्या फोटोची, तो मी कपड्यांच्या पिशवीतून सोबत आणला होता. आनंदा म्हणाली, "चला, तो फोटो कामी आला." भांडंही बाहेरून काळं केलं. कॅनमधलं पाणी भरलं आणि खोकं उन्हाकडे तोंड करून गच्चीच्या कोपऱ्यात ठेवलं, वर्षालीच्या गवती चहाच्या टबाशेजारी.

आज जेवणापासून दुपार कलेपर्यंत थांबलो. पाणी कोमट झालं. त्यात पत्ती टाकली. पत्ती वर तरंगत राहिली, जणू तिलाही बुडावंसं वाटत नव्हतं. तरी मी कप संपवला. वर्षाली वाळवण उलटायला आली होती. ती बघत उभी राहिली. "बाबा, तुमचं डोकं दुखते ना चहा नसला की?" मी म्हणालो, दुखत नाही. दुखत होतं.

१३ फेब्रुवारी

वर्षाली म्हणाली, "तुमी कायले उन्हात बसता? खाली जाऊन पेपर वाचा. मी वाळवण पाह्याले येतोच, खोक्यावर ध्यान ठेवीन." पोर गुणी आहे. खाली गेलो.

तासाभरात वर आलो तर पाण्याला उकळी! काचेवर वाफ! चहा असा झाला की कवडूनं पाहावा. पाण्याला गवती चहाचा मंद वासही होता. टब शेजारीच आहे, वाऱ्यानं त्याचा अंश आत शिरत असावा. निसर्ग किती एकमेकांना धरून असतो.

१५ फेब्रुवारी

रोज यश. काल लक्षात आलं की मी अर्धं भांडं भरतो आणि उकळल्यावर ते पाऊण होतं. उष्णतेनं पदार्थ प्रसरण पावतो हे शाळेत शिकलो होतो, पण एवढा पावतो हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

भूपेंद्रराव माझ्या शोधाबद्दल ऐकताना सारखे तोंडावर रुमाल धरत होते. सर्दी झाली आहे बिचाऱ्यांना.

१६ फेब्रुवारी

आज दिवसभर आभाळ होतं, सूर्य एकदाही दिसला नाही. तरीही पाणी उकळलं! यावरून सिद्ध होतं की माझं खोकं सूर्यावर अवलंबून नाही, ते ढगांमागचाही प्रकाश खेचून घेतं. आनंदाला सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून हसत होती. गुडघा बरा होतोय, चांगली गोष्ट आहे.

१९ फेब्रुवारी

वर्षाली आणि भूपेंद्रराव आज नागपूरला गेले होते. दर महिन्याला जातात. दुकानाचा माल आणायला, असं विहीणबाई म्हणाल्या. संध्याकाळी हात हलवत परत आले. माल मागून ट्रकनं येत असावा, व्यापारात असं असतं. वर्षालीचे डोळे सुजले होते, प्रवासाची धूळ. न जेवताच झोपली.

खोक्यानं मात्र आज दगा दिला. लख्ख ऊन असून पाणी कोमटच राहिलं. वाऱ्याची दिशा बदलली असावी.

२१ फेब्रुवारी

भूपेंद्ररावांचे मामा रूपराव आनंदाचा गुडघा पाहायला आले. बायको आणि दोन सुना सोबत. बैठकीत चांगलीच मैफल जमली. वर्षालीनं सगळ्यांना चहा दिला. रूपरावांनी विचारलं, "सदाशिवराव, तुमचा कप कुठं हाय?"

मला संधी मिळाली. नेम सांगितला, वडिलांचा तांब्या सांगितला, बसस्टँडचा नळ आणि खोकं सांगितलं. सगळे मन लावून ऐकत होते. शेवटी मी हात उंचावून म्हणालो, "नातू होऊ द्या रूपराव, मंग याच घरात तुमच्यासमोर घागरभर पाणी पितो!"

एकदम शांतता पसरली. माझ्या निष्ठेचा एवढा परिणाम होईल असं वाटलं नव्हतं. रूपराव पंख्याकडे बघत राहिले. त्यांच्या सुनांनी खाली माना घातल्या. ज्या विहीणबाई कधी गप्प बसत नाहीत, त्यासुद्धा गप्प. वर्षाली ट्रे घेऊन आत गेली, तिला बहुतेक काही करपल्याचा वास आला. बराच वेळ बाहेर आली नाही. भूपेंद्रराव दुकानात गेले, आज दुकान बंद असूनही.

पाहुणे गेल्यावर आनंदा माझ्याशी बोलली नाही. बराच वेळ बसून राहिल्यानं गुडघा दुखत असणार.

आजच्या खोक्यातल्या चहाला वास होता, पण थोडा खारट लागला. भांडं नीट घासलं पाहिजे.

२३ फेब्रुवारी

रूपराव आज एकटेच आले, खोकं बघायला. त्यांना विश्वास नव्हता. मी त्यांना गच्चीवर नेलं, दोन खुर्च्या टाकल्या आणि आम्ही दोघं खोक्यासमोर बसलो.

वर्षाली पहिल्यांदा आली ती म्हणाली, "मामाजी, पोहे झाले, खाली या." आम्ही म्हणालो, इथंच दे. मग आली ती म्हणाली, "मामाजी, तुमचा फोन वाजून राह्यला." फोन त्यांच्या खिशात होता. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिनं पदर सावरून धरला होता आणि नुसतीच उभी राहून परत गेली. पोरीला आज काय झालं होतं कोण जाणे.

पाणी उकळलं नाही. ऊन कडक, काच स्वच्छ, वारा नाही. तरी नाही. रूपरावांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "आंघोळीले चांगलं हाय."

लाज वाटली. पण विचार करता एक गोष्ट ध्यानात आली. मी समोर बसलो की खोकं चालत नाही, मी खाली असलो की चालतं. म्हणजे माझ्या माघारी गच्चीवर काहीतरी घडतं. उद्या छडा लावतो. माकडांचा संशय आहे. ती काचेवर बसून ऊब धरत असतील तर तीच ऊब पाण्याला लागत असणार.

२४ फेब्रुवारी

पेपर वाचायला खाली जातो असं मोठ्यानं सांगितलं, मागच्या जिन्यानं वर आलो आणि पाण्याच्या टाकीमागे बसलो. अंगावर पोत्याचा बारदाना घेतला. माकडं आली नाहीत.

वर्षाली आली. पदराआड गंज, म्हणजे पातेलं, होतं, दोन्ही हातांत फडकं. तिनं इकडंतिकडं पाहिलं, खोक्याची काच उचलली, माझं पाणी गवती चहाच्या टबात ओतलं आणि गंजातलं कढत पाणी भांड्यात भरलं. हाताला चटका बसला तशी बोटं तोंडात घातली. काच होती तशी ठेवली. खोकं उन्हाकडे जसं मी वळवतो तसं वळवलं. काचेवरचा बोटाचा ठसा पुसला. मग लगेच गेली नाही. माझा रिकामा कप हातात घेऊन खोक्याजवळ उकिडवी बसून राहिली.

ती खाली गेल्यावर मी बारदान्यातून बाहेर आलो तो संतापलेलाच. दहा-बारा दिवस मी लेकीच्या घरचं पाणी पितो आहे! नेम मोडला, तोही माझ्या हातून, तोही फोटोच्या काचेखाली! तरातरा खाली उतरून आनंदाला सांगितलं.

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "पयल्या दिवसापासून. इहीणबाईले माहीत हाय, जावयाले माहीत हाय. सगळी गल्ली पाहून राह्यली, तुमीच तेवढे नाई."

"अवं पण पाप!"

"माह्या नावावर टाका." मग ती काठी टेकत उठून बसली. एवढ्या दिवसांत तिला इतकं सरळ बसलेलं पाहिलं नव्हतं. "तुमाले काय वाटते, नागपूरले कोणता माल आणाले जातात हे दोघं? दवाखान्यात जातात. इंजेक्शनं घेते माही पोर. दर महिन्याले घेते अन् दर महिन्याले रडते. अन् तुमी चारचौघांत घागरभर पाणी मांगता! ते पाणी नाई पीत तुमी तिच्या घरचं, तिले मोजून दाखवता, का बाई तुले अजून झालं नाई."

मी खुर्चीवर बसलो.

"मले काऊन नाई सांगितलं?" मी विचारलं.

"तिनं नोको म्हटलं. बाबाचा नेम हाय म्हणे, बाबाले वाईट वाटन."

ती लहान असताना मी ऑफिसातून आलो की दारात पाण्याचा गिलास घेऊन उभी असायची. माठापर्यंत हात पुरत नसे, स्टुलावर चढायची. निम्मं पाणी फ्रॉकवर सांडायचं. तिच्या लग्नाच्या दिवसापर्यंत मी ते पाणी पीत होतो, आणि दुसऱ्या दिवसापासून बंद केलं. हे मी केलं. वडिलांचा तांब्या मधे आणून उपयोग नाही, प्यायचं नाही हे मी ठरवलं. मला माझी लाज वाटली, आणि हे लिहितानाही वाटते आहे.

मग गच्चीवर गेलो. खोक्यातला चहा प्यायलो. गरम होता. गवती चहा तिनं गंजातच टाकलेला असतो, आता कळलं. खारटपणाचंही कळलं.

२६ फेब्रुवारी

वर्षालीला अजून काही बोललो नाही. जिथं घागर मागितली तिथंच ती परत घ्यायला हवी होती. म्हणून रूपरावांना निरोप धाडला, या, खोक्यात सुधारणा केली आहे. सोबत घरच्यांनाही आणा. ते आले, बायको, सुना सगळ्यांना घेऊन. आंघोळीच्या पाण्याचा विनोद पुन्हा ऐकवायचा होता त्यांना.

बैठकीत सगळे बसले. वर्षाली चहाचा ट्रे घेऊन आली, नेहमीप्रमाणे मला वगळून मोजलेला. मी म्हणालो, "वर्षाली, मले पाणी दे बरं."

ती तशीच उभी राहिली. भूपेंद्रराव मला बसस्टँडचं पाणी द्यायला कॅनकडे धावले.

"त्यातलं नाई जावईबापू. घरातलं."

सगळ्यांत आधी विहीणबाईंना कंठ फुटला. "इवाई, बोअरचं देऊ का माठातलं?"

"जे हाताशी असन ते."

वर्षालीनं माठातून गिलास भरून आणला. देताना थोडं पाणी माझ्या धोतरावर सांडलं. मी गिलास एका दमात संपवला आणि पुढं केला. "अजून."

रूपरावांना राहवलं नाही. डोळे बारीक करून म्हणाले, "सदाशिवराव, नेम होता ना तुमचा? काय, नातू झाला का?"

"लेक हाय ना मले," मी म्हणालो. "तेवढी पुरे हाय."

त्यानंतर रूपराव पंख्याकडे बघत बसले. वर्षाली दुसरा गिलास आणायला गेली ती लवकर आली नाही. या वेळी मला कसला वास आल्याचं वाटलं नाही. मी उठून आत गेलो. ती माठाला धरून रडत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "चहा टाक. दूध टाकून."

विहीणबाई दारातून म्हणाल्या, "दूध कोठचं? गवळी तं तुमीच पळवला!"

३ मार्च

आज निघालो. आनंदा काठीशिवाय चार पावलं टाकते. विहीणबाईंनी माझ्या खोक्यात मुगाच्या वड्या वाळत घातल्या आहेत, म्हणाल्या की माशी बसत नाही. निरोपसमारंभाच्या काचेखाली वड्या बघून मला वाईट वाटलं नाही.

वर्षाली बॅग भरताना साळसूदपणे म्हणाली, "बाबा, खोकं ठेवूनच जा. भल्लं पाणी उकळते त्यात."

"उकळते," मी म्हणालो. "पण त्याले तुह्या हातचं लागते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग वर, गच्चीकडे, टाकी आहे त्या बाजूला. "तुमी... बारदान्यात?" आणि पदर तोंडात कोंबून एवढी हसली की भूपेंद्रराव दुकानातून धावत आले.

बसमध्ये तिनं भरून दिलेली बाटली समुद्रपूर येईपर्यंत पुरवली.

५ मार्च, समुद्रपूर

सकाळी वर्षालीचा फोन.

"बाबा, कॅन इथंच राह्यली तुमची."

"माहीत हाय."

"कोणासंगं धाडू का?"

"नोको. गवती चहाले पाणी घालजो तिनं."

ती म्हणाली, "येजा ना पुढच्या महिन्यात."

"येतो. तुमी नागपूरले जासान तवा दुकानावर मी बसतो. निकाल काही लागो पोरी, आल्यावर चहा मी करून ठेवीन. अन् या वेळी रिकाम्या हातानं येतो."

मागून विहीणबाईंचा आवाज आला. त्या फोनजवळच बसलेल्या असणार. "रिकाम्या हातानं काऊन? चार कप चहा पितात दिवसाले, साखर आणजा म्हणा!"

चार नव्हे, पाच. पण मी दुरुस्ती केली नाही. साखर आजच आणून ठेवली.